फाशातून काढलेली तार

साईड ड्रम उलटा केला की खालच्या कातड्याला चाटून आडव्या ताणलेल्या बारीक तारा दिसतात. वरच्या कातड्यावर काडी पडली की या तारा थरथरतात, खालच्या कातड्यावर आपटतात, आणि त्यातून या वाद्याचा कोरडा, चरचरीत, लांब जाणारा आवाज निघतो. तारा काढल्या तर उरतो तो रिकाम्या पिंपाचा आवाज. वरातीत नाचणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

मला ठाऊक होते. आमच्या गावच्या बँडपार्टीत साईड ड्रम मी वाजवीत असे. घरी धानाच्या सात बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते होती, त्यामुळे ड्रमवर पोट नव्हते. त्यावर माझा ताठा होता. वरठीच्या एका मोडलेल्या पार्टीकडून मी तो आणला, तेव्हा त्याला तारांच्या जागी आतड्याच्या ताती होत्या. पावसाळ्यात त्या ढिल्या पडत आणि उन्हाळ्यात तुटत. पुढे मी सायकलच्या ब्रेकची तार उलगडून तिचे पदर बसवू लागलो. आवाज धारदार झाला. तेवढ्यावरून मी स्वतःला कलावंत समजत होतो.

आमचे गाव तुमसर तालुक्यात, आंबागडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. गावाच्या वरच्या अंगाला एक बोडी होती. बोडी म्हणजे पाळ घालून अडवलेला लहान तलाव. वैशाखात ती आटे आणि तिच्या पोटात बेशरमाच्या झुडपांचे रान माजे. दिवसा रानडुकरे त्यात पडून राहत आणि अंधार पडला की उन्हाळी धानात उतरत. मोहफुले वेचून झाली की वर्षातून एकदा गाव त्यांच्यावर हाका घाली. कायद्याने शिकार बंद झाली होती. हे गावात सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते.

हाक्याची रचना ठरलेली होती. बोडीच्या एका अंगाला बांबूचे आणि काटेरी फांद्यांचे कुंपण घालायचे. त्यात मुद्दाम नऊ खिंडारे ठेवायची. प्रत्येक खिंडारात तारेचा एक फासा, आणि हाका सुरू होताना बाहेर काठी घेऊन एक माणूस. समोरच्या अंगाने माणसांची ओळ काठ्या आपटीत, डबे बडवीत रानात शिरणार आणि ओळीच्या मधोमध, चार पावले मागे, ड्रम. जनावर आवाजापासून पळते, उजेड दिसेल त्या खिंडाराकडे जाते आणि गळ्यात किंवा पायात तार भरवून घेते.

ड्रमवाल्याने मागेच राहायचे असा दंडक होता. सगळे उरकल्याशिवाय त्याने कुंपणापाशी यायचे नाही. मग त्याचा मांसाचा वाटा आणून ड्रमवरच ठेवीत. हा मान समजला जाई. सात वर्षे मी तो मान घेतला. घरी आल्यावर कातडे राखेने पुसावे लागे. फाशातल्या जनावराचे काय होते हे सात वर्षांत मी एकदाही पाहिले नव्हते. पाहावे असे वाटलेही नव्हते.

फासे मांडणारा माणूस गावात एकच होता. म्हातारा, भूमिहीन, जंगलातल्या कूपात लाकूडतोडीला जाणारा. गावाच्या टोकाला त्याची झोपडी होती. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्याला कोणी विचारीत नसे. हाक्याच्या दिवशी मात्र पाटीलसुद्धा त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकीत नसे. त्याचे काम पाहण्यासारखे होते. मोटारसायकलच्या क्लचच्या दोन तारा घेऊन तो त्या एकमेकींत पिळी. एकेरी तार डुक्कर तोडते, दुपदरी तोडत नाही, असे तो सांगे. मग ती तार मोहाच्या चोथ्यात उकळून धुरावर धरी, म्हणजे लोखंडाचा आणि माणसाच्या हाताचा वास मरतो. तार काळी पडे आणि तिला एक आंबूस, गोडसर वास येई. फासे मांडून झाले की हाका होईपर्यंत तिकडे कोणी फिरकायचे नाही. तो स्वतःही फिरकत नसे. माणसाचा वास राहिला तर मेहनत फुकट, असे तो म्हणे. या नियमावर त्याचा इतका भरवसा होता की मांडलेला फासा तो कधी पुन्हा तपासत नसे.

त्या वर्षी, सत्तरचे दशक सरत आले असताना, माझी बहीण आणि भाऊजी हाक्यासाठी दिघोरीहून आले होते. हाक्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारच्या गावच्या लग्नात माझ्या ड्रमच्या तारा तुटल्या. संध्याकाळी सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून मी नुसताच वाजवून पाहत होतो. भाऊजी पान लावीत म्हणाले,

"काय साळेभाऊ, हा ड्रम हाय का राकेलचा पिपा?"

"तारा तुटल्या."

"मंग उद्या डुकरं पळतीन कायले? बसल्या जागी झोपी जातीन."

पाटील तिथेच बसला होता. त्याने त्यात भर घातली. "डुक्कर डब्याले भेत नाही, गड्या. आवाज चरचर पाह्यजे. नाही तं यंदा ड्रम राहू दे, आमी डबेच वाजवतो."

सगळे हसले. भाऊजींनी माझ्या मांडीवर थाप मारली. त्यांच्या मनात काही नव्हते. तुमसरला जाऊन तार आणायला वेळ नव्हता. फासे सकाळीच मांडून झाले होते. दिवस मावळायच्या आत मी एकटा बोडीकडे गेलो.

नववे खिंडार शेवटच्या कोपऱ्यात होते, कुंपण पाळीला मिळते तिथे. तिथून कधी जनावर निघाल्याचे कोणाला आठवत नव्हते. कुंपण पुरे करायचे म्हणून तिथे फासा लावीत. मी बसलो आणि पिळलेल्या दोन तारांतली एक उलगडून काढली. उरलेलीला पुन्हा तसाच पीळ दिला आणि फासा होता तसा ठेवला. दहा मिनिटांचे काम होते. म्हातारा तपासायला येणार नाही हे मला माहीत होते. त्याच्या नियमाचा मी असा उपयोग केला.

घरी येऊन तार तोडली, तिचे पदर सुटे केले, टोके दोरीने बांधून ड्रमखाली ताणले. काडी मारली. आवाज असा निघाला की आतून बहीण म्हणाली, "आता कसा बोलून राहिला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हाका झाला. भाऊजी पाहुणे, म्हणून पाटलाने त्यांना सर्वांत निर्धोक जागा दिली. नववे खिंडार.

मी ओळीच्या मागे वाजवीत चाललो होतो. घामाने आणि उन्हाने ड्रमला आंबूस वास सुटला. मी अधिक जोराने वाजवले. पुढे आरडाओरडा झाला, काठ्यांचे आवाज आले. मग कोपऱ्याकडून एक वेगळी ओरड आली आणि दंडक मोडून मी प्रथमच कुंपणापाशी धावलो.

दुसऱ्या आणि पाचव्या खिंडारात दोन डुकरे अडकली होती. एकाच्या गळ्यात तार इतकी खोल गेली होती की ती दिसतच नव्हती. कातडी तिच्यावर मिटली होती. ते डुक्कर मादी होते आणि तिचे सड भरलेले होते. जीभ बाहेर, डोळे उघडे, मागचे पाय माती खरडीत होते. ओळखीची माणसे, ज्यांच्या लग्नात मी वाजवले होते, तिच्या डोक्यात काठ्या घालीत होती. एकाने दुसऱ्याला म्हटले, "नीट मार ना बे, मुंडी खराब होऊन राहिली." दुसऱ्या डुकराने पाय सोडवण्यासाठी स्वतःचाच पाय हाडापर्यंत कातरून घेतला होता. सात वर्षे माझ्या ड्रमवर येत होते ते हे होते.

तिसरे डुक्कर कोपऱ्यात गेले होते. एकेरी तार तटकन तुटली. तुटक्या तारेसह ते उलटले आणि समोर भाऊजी होते. त्यांची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली होती. मांस लोंबत होते. ते ओरडत नव्हते. फक्त "पाणी, पाणी" म्हणत होते.

त्यांना बैलगाडीत घालून तुमसरच्या दवाखान्यात नेले. बहीण गाडीत त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली. मी गाडीबरोबर निघालो तर पाटील म्हणाला, "तू कुठं चालला? चार जण हायेत ना संग. वाटे पडून राहिले." गाडी पाळीवरून उतरत होती, तिच्यातून कण्हणे ऐकू येत होते, आणि बेशरमाच्या पानांवर मांसाचे ढीग लावले जात होते. काळीज कोणाला, यावर दोघांचा वाद झाला. माझा वाटा आणून ड्रमवर ठेवला. तो गरम होता. त्याच्या वजनाने खालच्या तारा एकदा झणझणल्या.

मी तो घरी नेला. संध्याकाळी शिजला. मी खाल्ला.

तिसऱ्या दिवशी शाळेपुढच्या चिंचेखाली गाव बसले. बहीण दवाखान्यातून परत आली होती. पाय वाचला होता, पण गुडघा वाकणार नव्हता. पाटलाने तुटका फासा सर्वांपुढे धरला.

"पाहा. एकेरी तार. एक तार मांडली अन् एक याच्या घरी गेली."

म्हातारा उभा होता. त्याने फासा हातात घेतला, तुटलेले टोक पाहिले, मग पीळ पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मी दुपदरी मांडला होता."

"मंग दुसरा पदर का डुकरानं गिळला?" पाटील म्हणाला, आणि लोक हसले. भाऊजींचा पाय फाटल्याला तीन दिवस झाले नव्हते आणि लोक हसले.

बहीण उठली. "तुह्या हाताले किडे पडतीन, बुढ्या. एका तारेसाठी माह्या माणसाचा पाय खाल्ला तू."

"बाई, मी दुपदरीच..."

"बाई म्हनू नोको मले!"

मी तिच्या मागे चार हातांवर उभा होतो. म्हाताऱ्याचे उरलेले फासे, खुंट्या, तारा सगळे आणून त्याच्यासमोर जाळले. पुन्हा फासा मांडायचा नाही असे त्याला सांगितले. त्याच दिवसापासून गावाने त्याचे नाव 'एकपदरी' पाडले.

तिथून तो सरळ माझ्या घरी आला. आदल्या दिवशी तारा तुटलेला ड्रम हाक्यात चरचरला होता, हे त्यानेही ऐकले होते. मी त्याच्या मागोमाग पोचलो होतो. सपरीत खुंटीला ड्रम टांगलेला होता. न विचारता त्याने तो खाली घेतला, उलटा केला आणि तारांपाशी नाक नेऊन वास घेतला. मग ड्रम होता तसा टांगला.

"चांगला वाजते का?" त्याने विचारले.

"वाजते," मी म्हणालो.

तो निघून गेला. त्याने कोणालाही सांगितले नाही. सांगितले असते तरी सात बांध्यांच्या मालकाविरुद्ध त्याचा शब्द कोणी धरला नसता, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होते.

आठ दिवसांनी मी पाटलाकडे गेलो आणि खरे सांगितले. त्याने इकडेतिकडे पाहिले.

"आणखी कोणाले सांगितलं?"

"तुमालेच."

"मंग मीच आयकलं अन् मीच इसरलो. बहिणीचं घर मोडाचं हाय का तुले?"

"अन् बुढ्याचं काय?"

"बुढ्याची काय जमीन जाऊन राहिली? फासेच तं गेले. जाय, घरी जाय."

मी घरी गेलो. खरे सांगायचे तर मला हलके वाटले. एका माणसाला सांगून झाले, त्याने गप्प राहायला सांगितले, आता जबाबदारी त्याची, असा हिशोब मी मनाशी केला. त्या हलकेपणाची मला जितकी किळस येते तितकी त्या मादीच्या लोंबत्या जिभेचीही येत नाही.

अशी सहा वर्षे गेली. भाऊजी एक पाय ताठ टाकीत चालू लागले. चिखलात उभे राहणे त्यांना जमेना. दिघोरीच्या बांधीत नांगराला दुसऱ्याचा माणूस लागू लागला. हाका बंद पडला नाही. फासे आता कोणीही मांडी, कसेही मांडी, आणि जनावरे तुटक्या तारा घेऊन रानात सडत. पाळीवरून जाताना वास येई. म्हातारा कूपात जाई, येई. वाटेत त्याला कोणी ना कोणी हाक मारीच, "काय एकपदरी, कुठं निंगाला?" तो चालत राही. मी लग्नांत वाजवीत होतो, त्याच तारांवर.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसभर जत्रा, दुकाने, आणि चौकात दंडार, म्हणजे गाणी, सोंगे, नकला. त्या वर्षी दुपारच्या दंडारीत एका नकलाकाराने म्हाताऱ्याचे सोंग काढले. कमरेत वाकलेला, हातात सुतळीचा फासा. "मी दुपदरी मांडला होता जी!" असे म्हणून तो फासा ओढी आणि सुतळी तुटे. लोक लोळून हसत होते. सोंगाड्या माझ्याकडे वळून म्हणाला, "ड्रमवाले भाऊ, तार तुटली! वाजवा ना!" अशा वेळी ड्रमची एक लांब झड द्यायची असते. सवयीने हात उठला. मी झड दिली. तारा सुंदर बोलल्या.

म्हातारा गर्दीच्या कडेला उकिडवा बसला होता. तो नकलाकाराकडे पाहत नव्हता. ड्रमकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारा कापून काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि त्याच्या झोपडीवर गेलो. तो दाराशी बांबू चिरीत होता. मी पुडी पुढे ठेवली. त्याने ती उघडली, तारा नाकाजवळ नेल्या आणि परत ठेवल्या.

"आता माह्या काय कामाच्या? मोहाचा वास गेला. तुह्या हाताचा लागला. जनावर जवळ येनार नाही."

मी उभाच राहिलो. त्याने सुरी पुन्हा उचलली.

"मले कायले आनून देतं? शिव्या ज्या बाईनं देल्या, तिले दाखव."

मी दुपारच्या मोटारीने दिघोरीला गेलो. भाऊजी अंगणात खाटेवर होते, बहीण धान पाखडीत होती. मी पुडी उघडून सांगितले. सगळे सांगितले, खिंडार, पीळ, दहा मिनिटे. भाऊजी ऐकून घेत राहिले. मग ताठ पायावरून हात फिरवीत म्हणाले, "पिपा म्हनलो होतो ना मी? मजाक होती ती." एवढेच. बहिणीने सूप खाली ठेवले.

"मी त्या बुढ्याले किडे पडतीन म्हनलं," ती म्हणाली. "तू मांगं उभा होता."

"होतो."

"सहा साल भाऊबीजेचं ताट घेतलं माह्या हातचं."

ती आत गेली आणि बाहेर आली नाही. मी पाणी न पिता परतलो.

चार दिवसांनी ती आमच्या गावात आली. आमचे घर वाटेवरच आहे. ती त्यासमोरून गेली आणि थांबली नाही. म्हाताऱ्याच्या झोपडीत गेली, सर्वांदेखत त्याच्या पाया पडली आणि त्याच्या सपरीत बसून त्याच्या हातची भाकर खाल्ली. जाताना पाटलाच्या दारात उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "फासा दुपदरी होता. एक पदर माह्या भावानं काढला." ते अर्ध्या गावाने ऐकले. त्यानंतरच्या भाऊबीजेला ती आली नाही. पुढे कधीच आली नाही.

म्हाताऱ्याने आणखी दोन उन्हाळे काढले. पाटलाने त्याला पुन्हा फासे मांडायला बोलावले, तो गेला नाही. गावाने त्याला 'एकपदरी' म्हणणे सोडले नाही. माणसे म्हणत, नाव पडले ते पडले, त्याचा अर्थ कोण पाहतो.

ड्रमला मी पुन्हा तारा बसवल्या नाहीत. पुढच्या मंडईत पार्टीवाले न्यायला आले तेव्हा मी नाही म्हणायला हवे होते. म्हणालो नाही. तसाच, तारांशिवाय, तो गळ्यात अडकवून गेलो. पहिली काडी मारताच रिकाम्या पिंपाचा तो आवाज निघाला आणि मी वाट पाहिली. आता कोणी वळून पाहील, कोणी हसेल, कोणी म्हणेल की हा ड्रम बिघडला आहे.

दंडार संपेपर्यंत वाजवले. नाचणारे नाचले, शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. पाटील पुढच्या रांगेत होता. शेवटी त्याने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "यंदा तं ड्रम लय जोरात होता, गड्या."

त्यानंतर दोन वर्षे मी तसाच वाजवत राहिलो, लग्नांत, वरातींत, मंडईत. कोणालाही फरक कळला नाही.